दोन कॉर्डलेस माईक छान चालतात, चौथा लावला की बोंब. ही तिसरीच फ्रिक्वेन्सी येते कुठून?

मंडपवाला_पाचोरा

नमस्कार मंडळी. पाचोऱ्यात आमचा मंडप आणि साऊंडचा धंदा आहे, वडिलांपासूनचा. त्यांच्या काळी दोन भोंगे, एक अँप्ली आणि वायरचा माईक एवढ्यात लग्न लागायचं. आता भटजींना एक कॉर्डलेस, निवेदकाला एक, मंगलाष्टका म्हणणाऱ्या मुलींना एक आणि पुढाऱ्यांच्या स्वागताला हातोहात फिरवायला एक, असे चार लागतात.

अडचण अशी. कुठलेही दोन लावा, आवाज स्वच्छ. तिसरा चालू केला की अधूनमधून खरखर. चौथा चालू केला की हमखास कुठल्यातरी माईकमधून दुसऱ्याचाच आवाज येतो, तोही घोगरा, तुटका, शब्द कळत नाही असा. आणि जो माईक बंद आहे त्याच्या रिसीव्हरवर सिग्नलचे दिवे लागलेले असतात. सेल काढून ठेवला तरी लागतात!

चौघांच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या आहेत, मागे स्टिकर आहे: ६३८.०, ६३८.५, ६३९.० आणि ६३९.५ मेगाहर्ट्झ. दुकानदार म्हणतो बूस्टरवाला अँटेना घ्या. घेऊ का? दाट तिथी तोंडावर आहे.

शेवभाजी

घेऊ नका. कारण मला माहीत नाही, पण दुकानदार म्हणाला ना, मग घेऊ नका.

लळिंगचा_वाटाड्या

सेल काढल्यावरही सिग्नल येतो म्हणजे ज्यांचं स्वागत करायचं राहून गेलं त्या पुढाऱ्याचा आत्मा आहे. नाव घ्या, हार घाला, दिवे विझतील.

सर्किटभाऊ

मंडपवाले भाऊ, तुम्ही प्रश्नातच उत्तर लिहून टाकलंय. स्टिकरवरचे आकडे बघा. ६३८.५ ची दुप्पट करा, त्यातून ६३८.० वजा करा. किती आले? ६३९.०. म्हणजे तुमचा तिसरा माईक. आता ६३९.० ची दुप्पट वजा ६३८.५. आले ६३९.५, म्हणजे चौथा. उलट्या बाजूनेही तसंच: ६३८.५ दुप्पट वजा ६३९.० बरोबर ६३८.०. अंतर सारखं ठेवलंय म्हणून प्रत्येक पिल्लू नेमकं दुसऱ्याच्या घरात जाऊन बसतंय.

याला इंटरमॉड्युलेशन म्हणतात. धुळ्याच्या पॉलिटेक्निकमध्ये बरीच वर्षं शिकवतोय, म्हणून जरा मास्तरकी करतो, चालवून घ्या.

कुठलाही अँप्लिफायर, कुठलाही ट्रान्झिस्टर, जेवढं आत येतं त्याच्या सरळ प्रमाणात बाहेर देतो, असं आपण धरून चालतो. लहान सिग्नलला ते जवळजवळ खरं असतं. सिग्नल जोरकस झाला की ती सरळ रेषा वाकते. गणितात सांगायचं तर बाहेर पडणाऱ्या सिग्नलमध्ये मूळ सिग्नलबरोबर त्याचा वर्ग आणि त्याचा घनही थोडा थोडा मिसळतो. आता आत एकच फ्रिक्वेन्सी असेल तर वर्गामुळे दुप्पट आणि घनामुळे तिप्पट फ्रिक्वेन्सी मिळते. हे झाले हार्मोनिक, ते लांब जाऊन पडतात, ६३८ चे हार्मोनिक १२७६ वर. त्यांचा त्रास नाही. पण आत दोन फ्रिक्वेन्सी असतील तर वर्गातून त्यांची बेरीज आणि वजाबाकी निघते आणि घनातून निघते ‘एकाची दुप्पट वजा दुसरी’. ही शेवटची खरी डोकेदुखी, कारण ती मूळ फ्रिक्वेन्सींच्या शेजारीच पडते आणि कुठल्याही फिल्टरला गाळता येत नाही.

आवाज घोगरा का, तेही यातच आहे. माईक एफएम आहेत, म्हणजे आवाजाबरोबर त्यांची फ्रिक्वेन्सी किंचित वरखाली हलते. एका माईकची फ्रिक्वेन्सी दुप्पट होते तेव्हा आवाजाबरोबर होणारी तिची हालचालही दुप्पट होते आणि वरून दुसऱ्या माईकची हालचाल त्यात मिसळते. रिसीव्हरला ते झेपत नाही.

आणि हे दोघांपुरतं नाही. तिघे मिळूनही करतात: पहिला अधिक दुसरा वजा तिसरा. चार माईक असतील तर दोघांच्या जोड्यांतून १२ आणि तिघांच्या टोळ्यांतून १२, अशा २४ नकोशा फ्रिक्वेन्सी होतात. आठ माईक लावले तर ५६ आणि १६८, मिळून २२४. म्हणून तिसऱ्यापर्यंत निभावतं आणि चौथ्याला बोंब होते.

केळीबाग_रावेर

सर, छान समजलं. म्हणजे आपल्या भरितासारखं. वांगं वेगळं, हिरवी मिरची वेगळी, लसूण वेगळा, बडगीत ठेचलं की तिसरीच चव.

वीजकन्या_नंदुरबार

केळीबाग दादा, भरीत प्रिय आहे, पण इथे एक अडचण आहे. बडगीत घातलं की मिसळणारच. सिग्नलचं तसं नाही. हवेत हजारो सिग्नल एकाच वेळी असतात आणि एकमेकांतून आरपार जातात, काही होत नाही. एकाच तारेतून दोन सिग्नल गेले तरी नुसती बेरीज होते आणि ती पुन्हा वेगळी करता येते. तिसरी चव यायला ठेचणारं कुणीतरी लागतं. सर म्हणाले ती ‘वाकलेली रेषा’ म्हणजे मुसळ. मुसळ कुठे आहे ते शोधायचं, वांगी बदलत बसायचं नाही.

केळीबाग_रावेर

मान्य. मुसळ शोधा.

तापीकाठ

मला इतकं सरळ वाटत नाही. प्रत्येक खरखरीला इंटरमॉड म्हणायची फॅशन झालीय. आधी साध्या गोष्टी बघा. सेल उतरलेले आहेत का? स्टेजवर एलईडी वॉल आहे का? तिचा पॉवर सप्लाय भरपूर कचरा सोडतो. आणि ५जी? २०२२ च्या लिलावानंतर ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाईलवाल्यांकडे गेला. जुने कॉर्डलेस ७०० च्या घरातले असतील तर टॉवरच आडवा येतो, कितीही गणित करा.

सर्किटभाऊ

५जी चा मुद्दा ज्यांचे माईक ७०३ ते ७४८ किंवा ७५८ ते ८०३ मध्ये आहेत त्यांच्यासाठी बरोबर. मंडपवाल्यांचे ६३८ वर आहेत. आणि एलईडी वॉलचा कचरा सगळ्या रिसीव्हरवर कमीजास्त दिसेल, माईक चालू असो वा नसो. इथे दोन माईक लावले की स्वच्छ आहे.

यावर एक फुकट चाचणी आहे. तिसरा माईक बंद करा, सेल काढा, पण त्याचा रिसीव्हर चालू ठेवा आणि आवाज बंद करा. आता पहिला आणि दुसरा चालू करा. तिसऱ्याच्या रिसीव्हरवर दिवे लागले? मग दुसरा बंद करा. विझले? पुन्हा चालू करून पहिला बंद करा. विझले? दोघे मिळून असले तरच दिवे लागतात, एकट्याने लागत नाहीत, असं दिसलं तर इंटरमॉडच. एलईडीचा कचरा अशी जोडी बघून येत नाही.

आप्पा_साक्रीकर

हाई बठ्ठं वाचीसन मन्हं डोकं गरगर फिरी ऱ्हायनं भाऊ. वायरना माईक लावा नी सुखी ऱ्हावा.

शेवभाजी

आप्पांना +१. आणि पुढाऱ्यांच्या स्वागताला वायर आखूडच द्या.

निवृत्त_टॉवरवाला

दिवसभराची झोप उडवली या धाग्याने. नोकरी मोबाईल टॉवरवर गेली, शेवटची वर्षं जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर या पट्ट्यात. मुसळाचा विषय निघालाच आहे तर सांगतो: मुसळ ट्रान्झिस्टरचंच असतं असं नाही. गंजलेला नटबोल्टही पुरतो.

लोखंडावर गंज चढला की धातू, गंज, धातू असा थर होतो आणि तो अर्धवट डायोडसारखा वागतो, म्हणजे सरांची ती ‘सरळ रेषा’ तिथेही वाकते. टॉवरवरून दोन जोरदार सिग्नल निघतात, ते त्या गंजक्या सांध्यावर पडतात आणि सांधा स्वतःच तिसरी फ्रिक्वेन्सी प्रक्षेपित करायला लागतो. त्याला वीज लागत नाही, काही लागत नाही. आमच्या भाषेत पिम, म्हणजे पॅसिव्ह इंटरमॉड.

आकडे घ्या. जुन्या ९०० च्या पट्ट्यात टॉवर ९३५ ते ९६० वर बोलतो आणि ८९० ते ९१५ वर ऐकतो. समजा टॉवरवर ९३६ आणि ९५८ असे दोन कॅरियर, म्हणजे सिग्नल आहेत. ९३६ दुप्पट वजा ९५८, किती? ९१४. म्हणजे टॉवरच्या कानातच. तुम्ही फोनवरून बोलताय ते टॉवरला ऐकू येत नाही, टॉवरचं तुम्हाला स्वच्छ येतं. ग्राहक म्हणतो रेंज फुल आहे आणि कॉल कट होतो. बरोबरच म्हणतो.

किती बारीक काम असतं बघा. २० वॅटचे दोन सिग्नल सोडून पिम मोजतात आणि ते मूळ सिग्नलपेक्षा साधारण १५० डेसिबल खाली असावं लागतं. १५० डेसिबल म्हणजे एकावर पंधरा शून्यं इतक्या पटीने लहान. तेवढंसुद्धा टॉवरच्या रिसीव्हरला ऐकू येण्याच्या हद्दीजवळ असतं. म्हणून मोठे कनेक्टर पाना लावून २५ ते ३० न्यूटन-मीटरपर्यंत मोजून आवळायचे, हाताने ‘झालं घट्ट’ म्हणायचं नाही. चाचणी चालू असताना कनेक्टरवर रबरी हातोडीने हळूच ठोकायचं. आकडा उडाला की तोच सांधा गुन्हेगार.

आणि आपल्याकडचं ऊन! मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढे. दुपारी धातू फुगतो, रात्री आकसतो, सांध्याचा दाब बदलतो. तक्रार दुपारी यायची, माणूस संध्याकाळी चढायचा, तोवर सगळं ठीक. शेवटी भर दुपारी चढावं लागायचं. कित्येकदा दोष आमच्या अँटेनात नसायचाच, समोरच्या गच्चीवरच्या गंजक्या पत्र्याच्या शेडमध्ये असायचा. त्या घरमालकाला काय सांगणार, की तुमचा पत्रा फ्रिक्वेन्सी तयार करतोय?

लळिंगचा_वाटाड्या

काका, सांगायचं होतं. त्याने पत्र्याचं भाडं मागितलं असतं.

मेहरूणकर

हा धागा जपून ठेवतोय. माझाही एक जुना प्रश्न. आमच्याकडे एक जुना काट्याचा एफएम रेडिओ आहे. कधीकधी १०० च्या आसपास काटा नेला की विमानवाल्यांचं इंग्रजी बोलणं पुसटसं ऐकू यायचं. इथे विमानतळ झाल्यापासून वडील म्हणायचे, बघ, कंट्रोल रूम लागली. विमानं तर १०८ च्या वर बोलतात ना? मग १०० वर कशी? हेही इंटरमॉडच का?

वीजकन्या_नंदुरबार

मेहरूणकर, चुलत भावंड आहे. इथे मिसळणं मुद्दाम केलेलं असतं.

रेडिओ प्रत्येक स्टेशनसाठी वेगळे फिल्टर बांधत नाही. तो आत स्वतःची एक फ्रिक्वेन्सी तयार करतो, आलेल्या सिग्नलशी मिसळतो आणि दोघांची वजाबाकी एका ठरलेल्या आकड्यावर आणतो. मग सगळी मेहनत त्या एकाच आकड्यावर. एफएमला तो आकडा १०.७ मेगाहर्ट्झ, मिडीयम वेव्हला ४५५ किलोहर्ट्झ. ही सुपरहेटेरोडाईन युक्ती एडविन आर्मस्ट्राँगने १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत काढली. फ्रान्सच्या ल्युसियाँ लेव्हीचा दावा त्याच्याही आधीचा, त्यावर पुढे पेटंटचं भांडण झालं.

आता तुम्ही १०० वर काटा लावला तर रेडिओ आत ११०.७ तयार करतो. ११०.७ वजा १०० बरोबर १०.७, ठीक. पण १२१.४ वजा ११०.७ सुद्धा १०.७ च! रेडिओतल्या मिसळणाऱ्या भागाला वजाबाकी कळते, कोण वर आणि कोण खाली ते कळत नाही. म्हणून १२१.४ चा जोरदार सिग्नल असेल आणि रेडिओचा पुढचा फिल्टर ढिला असेल तर तो १०० वर ऐकू येतो. याला इमेज म्हणतात, काट्यापासून नेहमी २१.४ वर. १२१.५ ही विमानांची आणीबाणीची फ्रिक्वेन्सी, ती १०० च्या किंचित पुढे, १००.१ वर पडेल.

उलटीही गोष्ट आहे. रेडिओच्या आतली ती फ्रिक्वेन्सी थोडी बाहेर गळते. काटा ९७.३ च्या पुढे गेला की ती १०८ च्या वर, म्हणजे विमानाच्या दिशादर्शक यंत्रणेच्या पट्ट्यात येते. विमानात खिशातला रेडिओ लावायला बंदी होती ती उगाच नव्हती.

तापीकाठ

मिडीयम वेव्हचं निघालंच आहे तर. आकाशवाणी जळगाव ९६३ किलोहर्ट्झवर लागायचं, त्याच्या थोडं खाली, ९०९ च्या जवळ रात्री लांबचं स्टेशन शोधायला गेलं की बारीक शिट्टी यायची. तिचं कारण आता लक्षात येतंय. ४५५ ची दुप्पट ९१०. रेडिओच्या आत ४५५ चा हार्मोनिक फिरून पुढच्या दारात येतो आणि ९०९ च्या स्टेशनशी मिसळतो. फरक १ किलोहर्ट्झ, तीच शिट्टी. बरोबर आहे का सर?

आणखी एक. आपल्याकडे मिडीयम वेव्हची सगळी स्टेशनं ९ च्या पटीत आहेत. ९६३ म्हणजे ९ गुणिले १०७. मग कुठल्याही दोन स्टेशनांची बेरीज करा, वजाबाकी करा, दुप्पट वजा करा, उत्तर ९ च्याच पटीत येणार. म्हणजे नको असलेली फ्रिक्वेन्सी पट्ट्यात पडली तर नेमकी कुणाच्या तरी जागेवर पडणार, दोघांच्या मधल्या रिकाम्या फटीत कधीच नाही. हे मला स्वतःला आत्ता लिहिताना सुचलं.

सर्किटभाऊ

तापीकाठ, दोन्ही बरोबर. पहिलं ज्याने असा सुपरहेटेरोडाईन रेडिओ उघडून बसवलाय त्यालाच सुचतं. दुसरं मंडपवाल्यांच्या दुखण्याचंच मोठं रूप आहे: सारखं अंतर.

तापीकाठ

मी वायरमन होतो, रेडिओ हा छंद. अजून एक किस्सा, मग गप्प बसतो. १९३३ मध्ये हॉलंडच्या आइंडहोव्हेनला टेलेगेन नावाचे शास्त्रज्ञ स्वित्झर्लंडचं बेरोमुन्स्टर स्टेशन ऐकत होते, मागे लक्झेंबर्गचा कार्यक्रम ऐकू येत होता. दोघांच्या फ्रिक्वेन्सी कुठल्या कुठे. रेडिओत दोष नव्हता. मिसळ झाली होती वर, आकाशातल्या आयनांच्या थरात. लक्झेंबर्गच्या प्रचंड ताकदीने त्या थरातले इलेक्ट्रॉन तापत होते, कार्यक्रमाच्या चढउताराबरोबर जास्त-कमी, आणि त्याच थरातून जाणाऱ्या दुसऱ्या लहरीचं शोषण त्याप्रमाणे बदलत होतं. वीजकन्या ताई म्हणाल्या हवेत सिग्नल आरपार जातात. जातात, पण ताकद बेसुमार असली तर आकाशही मुसळ होतं.

वीजकन्या_नंदुरबार

वा तापीकाठ काका, गप्प बसू नका.

केळीबाग_रावेर

आमच्या केळीच्या बागेत सौरपंप बसवल्यापासून मोटर चालू झाली की रेडिओवर घूंऽऽ येतं. हे पण मिसळच ना?

सर्किटभाऊ

बरंचसं नाही. पंपाचा ड्राईव्ह डीसी वीज फार जलद तोडून-जोडून मोटरला देतो. त्या तोडण्याचे तीक्ष्ण कंगोरे म्हणजेच हार्मोनिकची लांबच लांब रांग, ती मिडीयम वेव्हपर्यंत पोचते. पॅनेलपासून येणारी केबल पसरलेली असेल तर तीच अँटेना होते. दोन तारा एकत्र पिळून, मातीला धरून न्या आणि ड्राईव्हच्या तोंडाशी फेराईटचं कडं घाला. मोटर बंद केल्यावर गेलं तर ड्राईव्हच दोषी. दोन सिग्नल मिळून तिसरा होणं वेगळं आणि एकच उपकरण गोंगाट करणं वेगळं.

पुण्यात_धुळेकर

सगळे रेडिओवर बोलतायत, जरा कानाकडे या. मी स्टुडिओत काम करतो. साऊंडवाले अँप्ली पिळवटतात तेव्हा जे होतं तेही हेच गणित आहे.

४४० आणि ५५० हर्ट्झचे दोन सूर एकत्र वाजवा, गोड लागतात. अँप्ली ताकदीबाहेर गेला की त्यातून ११०, ३३०, ६६० असे सूर बाहेर पडतात. हे निदान त्या घराण्यातले. आता ४४० आणि ४६६ घ्या. निघतात २६, ४१४, ४९२. यातलं एकही गाण्यात बसत नाही. एकट्या बासरीला अँप्लीने थोडं फाडलं तर चालून जातं, पूर्ण बँड फाडला की नुसती भरड ऐकू येते, त्याचं कारण हे. अँप्लीची तपासणी करतानासुद्धा ६० हर्ट्झ आणि ७ किलोहर्ट्झ एकत्र घालतात, खालचा वरच्याच्या चौपट जोरात, आणि बेसमुळे वरचा सूर किती थरथरतो ते मोजतात. वरातीत बेस वाढवला की गाण्याचे शब्द का कळत नाहीत, याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

कानही यातून सुटलेला नाही. इटलीच्या तार्तिनी या व्हायोलिनवादकाला १७१४ च्या सुमारास दोन सूर जोरात वाजवल्यावर तिसरा खालचा सूर ऐकू आला. तो व्हायोलिनमध्ये नव्हता, बराचसा कानाच्या आत तयार होत होता. दोन सनया जवळून जोरात ऐका, खाली एक घोंघावणारा सूर मिळेल.

आप्पा_साक्रीकर

तो सूर आम्हना वरातमा रोज ऐकू येस. आम्ही समजनूत बँडवालाना पगार वाढी द्या म्हनतस.

शेवभाजी

धागाकर्ते कुठे गेले? तिथी लागली वाटतं.

मंडपवाला_पाचोरा

आहे, आहे. सगळं वाचतोय. सर्किटसरांनी सांगितलेली चाचणी गोडाऊनमध्येच केली. सेल काढलेला तिसरा माईक, रिसीव्हर चालू. पहिला-दुसरा दोन्ही चालू केले की तीन दिवे. एक बंद केला की अंधार. दुसरा बंद केला तरी अंधार. मुलगा म्हणाला, पप्पा, हे तर लिहिलंय तस्संच.

दुसरी गंमत: दोन्ही माईक टेबलावर शेजारी ठेवले की पाच दिवे. एक मी धरला आणि एक मुलगा घेऊन गोडाऊनच्या टोकाला गेला की एखादाच दिवा. आता बूस्टरचं काय ते सांगा.

वीजकन्या_नंदुरबार

मंडपवाले भाऊ, शेजारी ठेवल्यावर वाढतं याचा अर्थ तुमचं एक मुसळ माईकमध्येच आहे. एका माईकचा सिग्नल दुसऱ्याच्या अँटेनातून उलटा आत शिरतो, त्याच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरमध्ये मिसळतो आणि तिथूनच तिसरी फ्रिक्वेन्सी बाहेर पडते. म्हणून निवेदक आणि भटजी खांद्याला खांदा लावून उभे राहिले की त्रास वाढत असणार. बघा आठवून.

दुसरं मुसळ रिसीव्हरमध्ये असू शकतं. ते ओळखायलाही उपाय आहे. रिसीव्हरकडे येणारा सिग्नल कमी करा, अँटेना आडवी करा किंवा रिसीव्हर लांब न्या. हवेतून आलेला खरा सिग्नल १० डेसिबल कमी झाला तर रिसीव्हरच्या आत जन्मलेला तिसऱ्या ऑर्डरचा भेसळ सिग्नल ३० डेसिबल कमी होतो, कारण तो घनातून येतो. भेसळ धपकन पडली आणि खरा आवाज टिकला तर मुसळ रिसीव्हरमध्ये. दोन्ही सारखेच कमी झाले तर मुसळ बाहेर, माईकमध्ये.

बूस्टरचं गणित याच्या उलटं. तुम्ही १० डेसिबल वाढवलेत की रिसीव्हरमधली भेसळ ३० ने वाढणार. वर बूस्टर स्वतः एक अँप्लिफायर, म्हणजे तिसरं मुसळ विकत आणलं.

शेवभाजी

मी म्हणालो नव्हतो? दुकानदाराने सांगितलं म्हणजे घेऊ नका.

सर्किटभाऊ

बूस्टर सरसकट वाईट नाही. रिसीव्हर लांब खोलीत असेल आणि अँटेनाची केबल लांबलचक असेल तर केबलमध्ये जेवढं गळतं तेवढंच भरून काढायला तो असतो. स्टेजपासून दहा पावलांवर त्याचं काम नाही.

वीजकन्या_नंदुरबार

मान्य, पण यांचा रिसीव्हर मिक्सरजवळ आहे. आणि माझ्या मते सर, इथे मुख्य दोष माईकमध्येच आहे, रिसीव्हरमध्ये नाही. टेबलावरची पाच दिव्यांची चाचणी पुरेशी बोलकी आहे.

सर्किटभाऊ

टेबलावर ठेवले तेव्हा ते रिसीव्हरच्याही जवळ होते, ताई. दोन गोष्टी एकदम बदलल्या. माईक शेजारी-शेजारीच ठेवा, पण रिसीव्हर लांब नेऊन पुन्हा बघा, मग बोलू.

मंडपवाला_पाचोरा

बघितलं. रिसीव्हर गोडाऊनच्या बाहेर ओट्यावर नेला. माईक शेजारी: तीन दिवे. माईक लांब-लांब: शून्य.

सर्किटभाऊ

मग वीजकन्या ताई बरोबर. माईकमध्ये होतंय, रिसीव्हर थोडी भर घालतो.

वीजकन्या_नंदुरबार

आता औषध. फ्रिक्वेन्सी अशा निवडायच्या की कुठल्याही दोघांमधलं अंतर दुसऱ्या कुठल्याही दोघांमधल्या अंतराइतकं नसेल. बस, एवढा एकच नियम. दुप्पट-वजा असो की तिघांची टोळी, दोन अंतरं सारखी असल्याशिवाय भेसळ कुणाच्याही जागेवर पडू शकत नाही. बेल लॅबच्या बॅबकॉकने १९५३ मध्ये रेडिओ चॅनेलसाठी अशा याद्याच काढून छापल्या होत्या.

चौघांसाठी सगळ्यात आटोपशीर मांडणी ०, १, ४, ६, म्हणजे पहिल्यापासून इतक्या पायऱ्या दूर. अंतरं बघा: १, ३, २, ४, ५, ६. एकही पुन्हा येत नाही. एक पायरी ०.४ मेगाहर्ट्झ धरा: ६३८.०, ६३८.४, ६३९.६, ६४०.४. भेसळ कुठेही पडली तरी प्रत्येक माईकपासून निदान ०.४ लांब.

मंडपवाला_पाचोरा

ताई, माझ्या माईकची फ्रिक्वेन्सी बदलताच येत नाही. कारखान्यातून आलेली.

वीजकन्या_नंदुरबार

मग चारपैकी पहिला, दुसरा आणि चौथा ठेवा: ६३८.०, ६३८.५, ६३९.५. अंतरं ०.५, १.०, १.५, तिन्ही वेगळी. तिसरा कपाटात ठेवा. चौथा माणूस म्हणजे भटजी, ते एका जागी बसतात, त्यांना वायरचा द्या. आप्पांचा सल्ला पाव हिस्सा बरोबर होता.

आप्पा_साक्रीकर

पाव हिस्सा बी खूप शे.

तापीकाठ

आणि जे माईक वापरात नाहीत ते बंद ठेवा. निवेदक माईक म्यूट करून खिशात घालतात. म्यूट म्हणजे आवाज बंद, प्रक्षेपण चालूच असतं. खिशातला माईक शेजारच्या माणसाच्या माईकशी मिसळत राहतो.

मंडपवाला_पाचोरा

कालच्या लग्नात तिघांचा प्रयोग केला, भटजींना वायर. मंगलाष्टका स्वच्छ झाल्या, पुढाऱ्यांचं स्वागत पाऊण तास चाललं तेही दुर्दैवाने स्वच्छ झालं. पण रात्री नऊनंतर निवेदकाच्या माईकवर पुन्हा खरखर, आणि त्यात चक्क दुसऱ्याच नवरदेवाचं नाव. शेजारच्या लॉन्सवर दुसरं लग्न होतं, तिथला साऊंडवाला माझ्याच दुकानातून माईक घेतो.

लळिंगचा_वाटाड्या

नवरी बदलली नाही ना?

निवृत्त_टॉवरवाला

हा मिसळीचा प्रश्न नाही, एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघे आहेत. त्याला गणित नाही, भेटून बोलणं आहे. आम्ही शेजारच्या टॉवरवाल्याशी हेच करायचो, कागदावर चॅनेल वाटून घ्यायचो.

मंडपवाला_पाचोरा

त्याच्याशी बोलणं झालंय, तो तयार आहे. दोघं मिळून फ्रिक्वेन्सी बदलता येणारे सहा माईक घेतोय, तीन-तीन. सहाची मांडणी सांगता का ताई?

वीजकन्या_नंदुरबार

०, १, ४, १०, १२, १७. त्याच ०.४ च्या पायरीने ६३८.०, ६३८.४, ६३९.६, ६४२.०, ६४२.८, ६४४.८. घेण्याआधी दुकानात मेनू उघडून बघा, संच किमान ७ मेगाहर्ट्झ पट्टा आणि ०.४ किंवा त्याहून बारीक पायरी देतो का. काही स्वस्त संचांत ‘२०० चॅनेल’ लिहिलेलं असतं आणि पायरी आपल्याला हवी तशी जुळत नाही. वाटणी करताना पहिले तीन तुम्ही आणि पुढचे तीन त्यांनी घ्या. दोघांच्या मधे २.४ मेगाहर्ट्झची मोकळी जागा राहते.

शेवभाजी

आणि दुकानदाराला ७ मेगाहर्ट्झ विचारलं की तो बूस्टर दाखवेल. तयारीने जा.